लेखणी उचलण्यापूर्वी : विद्यार्थ्यांच्या लेखनकार्याचे निदान आणि नियोजन

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळातील गुणवंत विद्यार्थ्यांचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. हीच मुले पुढे वैद्यकीय, अभियांत्रिकी किंवा कला-वाणिज्य शाखांत प्रवेश घेतात. पहिले सत्र संपण्याच्या सुमारास त्यांच्यापैकी काही जण आमच्यासारख्या डॉक्टरांकडे येतात. कोणाला डोकेदुखी असते, कोणाला झोप लागत नाही, कोणाचे पोट दुखते. तपासून पाहावे तर शरीरात दोष आढळत नाही. थोडे बोलते केले की कळते, दोन दिवसांनी एक असाइनमेंट सादर करायची आहे आणि अजून एक ओळही लिहून झालेली नाही.

या मुलांची बुद्धी कमी नसते आणि कष्टाची तयारीही असते. अडचण निराळीच आहे. शाळेत बारा वर्षे त्यांनी दिलेल्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर तीन तासांत लिहिण्याचा सराव केलेला असतो. महाविद्यालयात मात्र प्रश्न अर्धवट उघडा असतो, उत्तर कोणत्याही एका पुस्तकात नसते आणि वेळ तीन तासांचा नसून तीन आठवड्यांचा, पदव्युत्तर शिक्षणात तर तीन वर्षांचा असतो. हे काम कसे समजून घ्यावे आणि त्याची आखणी कशी करावी, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. आपण डॉक्टर मंडळी रोज जे करतो, म्हणजे आधी निदान आणि मग उपचार, तोच क्रम येथेही उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखाचा हाच हेतू आहे.

प्रश्नाचे निदान

विद्यार्थ्याच्या हाती विषय पडला की तो तत्काळ माहिती गोळा करू लागतो. हे म्हणजे रुग्णाची तक्रार न ऐकता रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून देण्यासारखे आहे. प्रथम प्रश्न शांतपणे दोन-तीनदा वाचावा आणि त्यातील तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात : विषय कोणता, त्याची मर्यादा कोणती, आणि त्या विषयाचे काय करायला सांगितले आहे.

यांतील तिसरी गोष्ट बहुधा क्रियापदात दडलेली असते. ‘यादी द्या’ म्हटले तर स्पष्टीकरणाची अपेक्षा नाही. ‘वर्णन करा’ म्हणजे जसे आहे तसे क्रमाने मांडा. ‘कारणमीमांसा करा’ म्हणजे असे का घडते ते सांगा. ‘तुलना करा’ म्हणजे दोन्हींना एकच मापदंड लावा. येथे पहिल्या पानावर एकाची माहिती आणि दुसऱ्या पानावर दुसऱ्याची, असे लिहिले तर तुलना होत नाही. ‘चर्चा करा’ म्हणजे साधक आणि बाधक अशा दोन्ही बाजू मांडून स्वतःचा कल सांगा. आणि ‘चिकित्सक परीक्षण करा’ म्हटले असेल तर माहिती देऊन भागत नाही, त्या माहितीचे वजन करावे लागते. ‘चिकित्सा’ हा शब्द आपल्या भाषेत उपचारासाठीही वापरतात आणि विचारपूर्वक छाननीसाठीही. डॉक्टरांच्या मुलांना तरी या शब्दाचे दोन्ही अर्थ उमगायला हरकत नाही.

‘माहिती भरपूर, पण प्रश्नाचे उत्तर नाही’ हा शेरा ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांच्यातील बहुतेकांचे या पहिल्या पायरीवरच चुकलेले असते. म्हणून एक साधा नियम करावा. प्रश्न स्वतःच्या शब्दांत, एका वाक्यात, घरच्या भाषेत लिहून काढावा. आजीला समजेल असे ते वाक्य जमले, तर प्रश्न समजला असे मानावे. न जमल्यास दुसऱ्याच दिवशी शिक्षकांना विचारावे. शंका पहिल्या आठवड्यात विचारणारा विद्यार्थी जिज्ञासू ठरतो. तीच शंका शेवटच्या दिवशी विचारली, तर त्याने कामच सुरू केले नव्हते हे उघड होते.

आपल्या परंपरेतील चार प्रश्न

ही पद्धत पाश्चात्त्य विद्यापीठांतूनच आली असा समज आहे, पण तो पूर्णपणे बरोबर नाही. आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभी ‘अनुबंध चतुष्टय’ सांगण्याची रीत होती. विषय कोणता, प्रयोजन काय, अधिकारी म्हणजे हा ग्रंथ कोणासाठी, आणि या सर्वांचा परस्पर संबंध काय, ही ती चार अंगे. समर्थांच्या दासबोधाचा पहिला समासही श्रोत्यांच्या अशाच विचारणेने सुरू होतो : ग्रंथ कोणता, त्यात काय सांगितले आहे आणि तो ऐकून काय लाभ. मीमांसकांनी एखाद्या प्रश्नाच्या विचाराचे विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय असे पाच टप्पे मानले. आपल्या आयुर्वेदीय सहकाऱ्यांना परिचित असलेल्या ‘तंत्रयुक्ती’ म्हणजे शास्त्रीय ग्रंथ रचण्याची आणि समजून घेण्याची साधनेच होत. सुश्रुतसंहितेत त्या ३२ आणि चरकसंहितेत ३६ सांगितल्या आहेत.

आधुनिक वैद्यकातील लेखनाची चौकटही याहून फार दूर नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये शोधनिबंधाच्या वाचकाला चार गोष्टी हव्या असतात असे सांगितले. हे काम का हाती घेतले, काय केले, काय आढळले, आणि त्याचा अर्थ काय. प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा हे आपल्या प्रबंधांतील चार विभाग म्हणजे याच चार प्रश्नांची उत्तरे आहेत. विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवले, तर कोणता मजकूर कोठे लिहावा याचा गोंधळ राहत नाही.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर लिहिलेला एक निबंध

विद्यार्थ्याचा निबंध कसा असावा याचे एक उत्तम उदाहरण आपल्या शहराशी जोडलेले आहे. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी प्रा. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. त्या वेळी ते २५ वर्षांचे होते. वर्गातील चर्चेसाठी लिहिलेला हा निबंध पुढे मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही तो वाचला जातो.

त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. विषय अफाट असल्याची जाणीव देऊन लेखक आरंभीच आपले क्षेत्र आखून घेतो. जातीची उत्पत्ती, तिची यंत्रणा आणि तिचा प्रसार एवढ्यापुरतेच बोलेन, इतर गोष्टींकडे मुद्द्याच्या स्पष्टीकरणासाठी आवश्यक असेल तेव्हाच वळेन, असे तो सांगतो. त्यानंतर तो सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांच्या व्याख्या त्यांच्या नावांनिशी मांडतो व एकेक तपासतो. हे केतकर म्हणजे पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध करणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचे जातिसंस्थेवरील पुस्तक ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. आंबेडकर त्यांच्या व्याख्येचे गुण मान्य करतात आणि मगच तिच्यातील उणीव दाखवतात. जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्माने मिळणारे सदस्यत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वेगळी नसून एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, असे ते म्हणतात. एवढे झाल्यावर ते स्वतःचे मत मांडतात की जातीचे मूळ लक्षण म्हणजे जातीअंतर्गत विवाह. शेवटी, हे विवेचन अंतिम नसून चर्चेतील एक भर आहे, असेही नम्रपणे नमूद करतात.

क्षेत्र आखणे, आधीच्या अभ्यासकांना न्याय देऊन तपासणे, स्वतःचे एक ठाम विधान करणे आणि त्याच्या मर्यादा सांगणे : पदवीच्या कोणत्याही शाखेतील लेखनकार्याला हा नकाशा पुरतो.

त्यांच्या पुढील प्रबंधांचा प्रवासही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावा असा आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२२ साली सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यांना दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला, आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी लेखकाची काही मते आपल्याला पटत नसल्याचे त्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. प्रबंध परत येणे म्हणजे अपयश नव्हे, आणि मार्गदर्शकाशी मतभेद असणे म्हणजे अवज्ञा नव्हे. कोलंबियातील प्रबंधावरून १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी शिक्षणातील साहाय्याबद्दलच्या कृतज्ञतेने सयाजीराव महाराजांना अर्पण केला. मात्र १९१७ मध्ये नोकरीसाठी येथे आलेल्या या विद्वानाला याच शहरात जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही, हेही बडोदेकर म्हणून आपण विसरता कामा नये.

विषय आवळणे : रक्तक्षयाचे उदाहरण

आता आपल्या क्षेत्राकडे वळू. बालरोगशास्त्राच्या एम.डी.ला नुकत्याच आलेल्या निवासी डॉक्टरला ‘कशावर प्रबंध करायचा?’ असे विचारले की ‘मुलांमधील रक्तक्षय’ असे उत्तर मिळते. विषय महत्त्वाचा आहे यात शंका नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गुजरातमधील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ८० टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. पण हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषयावर ग्रंथ लिहिता येतो, प्रबंधाला मात्र प्रश्न लागतो.

प्रश्न असा करता येईल : सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या, रक्तक्षयाचे निदान झालेल्या आणि बाह्यरुग्ण विभागातून लोहाचे औषध दिलेल्या मुलांपैकी किती मुलांना ते तीन महिने नियमित मिळाले, आणि ज्यांना मिळाले नाही त्यांच्या बाबतीत कारणे कोणती? या प्रश्नात मुले कोणती, मोजायचे काय आणि किती काळ, हे सारे आले. उत्तर काहीही येवो, त्याचा उपयोग आहे. औषध कडू लागते म्हणून मूल थुंकते, शौचाचा रंग काळा झाल्याने आई घाबरते, की बाटली संपल्यावर पुन्हा रुग्णालयात यायला मजुरी बुडते, हे कळले तर दुसऱ्या दिवसापासून आपल्या बोलण्यात बदल करता येतो.

पुढची पायरी गणिताची. किती मुले लागतील? आपल्याकडे प्रचलित असलेले सूत्र असे. अपेक्षित टक्केवारीला शंभरातून उरलेल्या टक्केवारीने गुणावे, त्याची चौपट करावी आणि चालणाऱ्या चुकीच्या वर्गाने भागावे. नियमित औषध मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण आधी ठाऊक नसेल, तर ५० टक्के धरतात, कारण त्याने संख्या सर्वांत मोठी येते. दोन्हीकडे १० टक्क्यांची चूक चालणार असेल तर ४ × ५० × ५० भागिले १००, म्हणजे १०० मुले. पाचांपैकी एक मूल पुन्हा येणार नाही असे धरले, तर १२५ मुलांची नोंदणी करावी लागेल.

उत्साही विद्यार्थी म्हणतो, ‘सर, चूक पाचच टक्के ठेवू.’ मग ४ × ५० × ५० भागिले २५, म्हणजे ४०० मुले, आणि न येणारी धरून ५००. अभ्यासाच्या अटींत बसणारी दोन मुले आठवड्याला मिळत असतील, तर पाचशे मुले मिळायला २५० आठवडे, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे लागतील. अभ्यासक्रम आहे तीन वर्षांचा! हा हिशेब पहिल्या महिन्यात केला तर हसून सोडून देता येतो. अडीच वर्षांनी लक्षात आला, तर विद्यार्थ्यापुढे दोनच मार्ग उरतात : अपुरा प्रबंध किंवा खोटे आकडे. कागदावरची काल्पनिक मुले बहुधा अशा वेळीच जन्माला येतात. अप्रामाणिकपणाच्या मुळाशी पुष्कळदा दुष्ट हेतू नसतो, नियोजनाचा अभाव असतो. पण परिणाम तोच होतो, कारण त्या आकड्यांवर विश्वास ठेवून कोणीतरी पुढे खऱ्या मुलाला औषध देणार असतो.

दिनदर्शिका उलटी वाचावी

नियोजन नेहमी शेवटच्या तारखेपासून मागे करावे. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या पदव्युत्तर नियमांनी प्रबंध परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादर करणे आणि परीक्षकांनी तो स्वीकारल्यानंतरच परीक्षेला बसणे बंधनकारक केले. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली, पण प्रबंधाची अट कायम राहिली.

वरील उदाहरणाचा हिशेब मांडू. एकूण ३६ महिने. शेवटचे सहा वजा केले की उरले ३०. विषयनिश्चिती, प्रोटोकॉल आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी यांत पहिले सहा महिने जातात, राहिले २४. आठवड्याला दोन याप्रमाणे १२५ मुलांच्या नोंदणीला ६३ आठवडे, म्हणजे सुमारे साडेचौदा महिने. शेवटच्या मुलाचा पाठपुरावा आणखी तीन महिने. म्हणजे साडेसतरा महिने संपले. मास्टर चार्ट, संख्याशास्त्रीय विश्लेषण, लेखन, मार्गदर्शकांचे वाचन, दुरुस्त्या आणि बांधणी यांसाठी साडेसहा महिने उरतात. काम होण्यासारखे आहे, परंतु सहा महिन्यांची चालढकल परवडण्यासारखी नाही. शिवाय मध्ये पावसाळा येतो, डेंगी-मलेरियाच्या साथी येतात, रात्रपाळ्या असतात. म्हणून प्रत्येक टप्प्यात थोडी फट ठेवावी.

पदवीच्या विद्यार्थ्याला दोन हजार शब्दांच्या निबंधासाठी चार आठवडे मिळाले, तरी तत्त्व तेच. पहिल्या आठवड्यात प्रश्नाचे निदान आणि मोजके वाचन. दुसऱ्यात टिपणे आणि आराखडा. तिसऱ्यात पहिला खर्डा, मग तो कितीही ओबडधोबड असो. चौथ्या आठवड्यात तो तीन दिवस बाजूला ठेवून नव्या नजरेने वाचणे, दुरुस्ती, संदर्भांची तपासणी. रोज पाऊण तास दिला तरी हे काम होते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण लेखनाइतकी दुसऱ्या कशालाच लागू पडत नसेल. उलट शेवटच्या दोन रात्री जागून केलेले काम म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. अपुऱ्या झोपेने स्मरण, लक्ष आणि निर्णयशक्ती मंदावते, हे आम्ही पालकांना लहान मुलांच्या बाबतीत नेहमी सांगतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या बाबतीतही ते तेवढेच खरे आहे.

२०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात नोंदवह्या आणि अनुभवांवरील चिंतनपर लेखन आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती तर १९७९ पासून आहे. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प आखून त्याचा अहवाल लिहिणे, ही पुढच्या प्रबंधाची उत्कृष्ट रंगीत तालीम होय. पात्र विद्यार्थ्यांनी तिचा अवश्य विचार करावा.

वाचन आणि टिपणे

ग्रंथालयाच्या बाबतीत बडोदेकर भाग्यवान आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण केले, १९११ मध्ये येथे ग्रंथपालनाचे वर्ग सुरू झाले आणि पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके पोचवणारी फिरती ग्रंथालये संस्थानात निघाली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांचे नाव आहे. देशभरातील पीएच.डी. प्रबंध ज्या ‘शोधगंगा’ भांडारात वाचायला मिळतात, ते चालवणारे इन्फ्लिबनेट केंद्रही गांधीनगरला, म्हणजे आपल्या शेजारीच आहे.

साधने एवढी मुबलक असताना वाचनाला शिस्त हवी. प्रथम पाठ्यपुस्तकातील प्रकरण वाचावे म्हणजे विषयाचा सांगाडा कळतो, नंतर अलीकडचा एखादा आढावा लेख, आणि मगच मूळ शोधनिबंध. टिपण करताना तीन रकाने करावेत. पहिल्यात लेखक, वर्ष आणि पान, दुसऱ्यात त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत, तिसऱ्यात आपली शंका किंवा मत. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर वाचन केवळ डोळ्यांनी झाले असे समजावे. संदर्भ त्याच क्षणी पूर्ण लिहून ठेवावा. वैद्यकीय लेखनात संदर्भांना क्रमांक देण्याची जी ‘व्हँकुव्हर’ पद्धत आहे, ती १९७८ मध्ये त्या शहरात झालेल्या नियतकालिक-संपादकांच्या बैठकीतून पुढे आली. इतर शाखांत निराळ्या पद्धती आहेत. कोणती वापरायची हे आरंभीच विचारून घ्यावे.

उसनवारी आणि चोरी

दुसऱ्याचे विचार नाव घेऊन वापरणे ही विद्वत्ता, नाव न घेता वापरणे ही चोरी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये याविषयी नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर ते किरकोळ मानून शिक्षा होत नाही. १० ते ४० टक्के असल्यास ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित लेखन द्यावे लागते. ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर ते पुन्हा सादर करता येत नाही. त्याहून अधिक असल्यास त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होऊ शकते. परंतु ‘दहा टक्के चालते’ असा याचा अर्थ काढू नये. संगणक शब्दांचे साम्य मोजतो, नियत मोजत नाही. आपल्या मंडळातील अनेकांची मुले परदेशी शिकायला जातात. तेथील विद्यापीठे या बाबतीत फार कडक आहेत, आणि ‘आमच्याकडे असेच करतात’ हा बचाव तेथे चालत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. चॅटजीपीटीसारखी साधने काही क्षणांत गुळगुळीत निबंध लिहून देतात. आयत्या बिळावर नागोबा होण्याचा मोह मोठा आहे. पण ही साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेले संदर्भ अगदी खऱ्यासारखे देतात. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की अशा साधनाला लेखक म्हणता येणार नाही, ते वापरल्यास तसे नमूद करावे आणि मजकुराची जबाबदारी माणसाचीच राहील. म्हणून प्रत्येक संदर्भ ‘पबमेड’सारख्या ठिकाणी स्वतः पडताळावा आणि निदान त्याचा सारांश तरी स्वतः वाचावा.

वैद्यकीय प्रबंधात आणखी एक जबाबदारी असते. आपली माहिती पुस्तकातून येत नाही, ती रुग्णाकडून येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बालकांच्या संशोधनात पालकांच्या संमतीबरोबरच मुलाचीही अनुमती घ्यावी लागते : ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी आणि १२ ते १८ वर्षांपर्यंत लेखी. औषधोपचाराचा प्रयोग असेल, तर पहिले मूल नोंदवण्यापूर्वी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत त्याची नोंद व्हावी लागते. हे कागद पुरे करण्यासाठी नसून विश्वास राखण्यासाठी आहेत. दाहोद-छोटाउदेपूरकडून मूल कडेवर घेऊन आलेली आई आपल्या कागदावर अंगठा उमटवते, तेव्हा ती आपल्या शब्दावर भरवसा ठेवत असते. तिचे मूल आपल्या मास्टर चार्टमधील एक ओळ बनते, तेव्हा ती ओळ खरी असलीच पाहिजे.

आराखडा, खर्डा आणि भाषा

टिपणे झाल्यावर थेट लिहायला बसू नये. एका पानावर आराखडा करावा. सर्वांत वर आपले मुख्य विधान एका वाक्यात, त्याखाली ते सिद्ध करणारे चार-पाच मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे त्याचा आधार. ज्या मुद्द्याला आधार नाही तो वगळावा किंवा आधार शोधावा. जो मुद्दा विधानाशी जुळत नाही तो कितीही आवडता असला तरी काढावा. एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवावा. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहिली तरी चालते, कारण पाहुण्यांची ओळख करून देण्याआधी पाहुणे कोण हे ठाऊक असावे लागते.

बडोद्यातील मराठी मुलांची एक विशेष अडचण आहे. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात इंग्रजी. इंग्रजीचे दडपण घेऊन लिहायला बसलेले मूल पाठ्यपुस्तकातील वाक्ये उचलते, कारण स्वतःची वाक्ये त्याला कमी प्रतीची वाटतात. अशांनी आराखडा खुशाल मराठीत किंवा गुजरातीत करावा. ज्या भाषेत विचार स्पष्ट होतो, त्या भाषेत आधी विचार करावा आणि मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत तो उतरवावा. परीक्षकाला अलंकार नको असतात, अर्थ हवा असतो. आणि खर्डा लिहून झाला की तो मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य बिघडलेले असते.

खर्ड्याच्या प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. संगणक बंद पडला, पेन ड्राइव्ह हरवला, ही कारणे परीक्षकांनी इतक्यांदा ऐकलेली असतात की खरी असली तरी ती खोटी वाटतात.

पालकांसाठी आणि मार्गदर्शकांसाठी

पालकांनी मुलाचे लेखन स्वतः करून देऊ नये, आणि पैसे देऊन तर कधीच करवून घेऊ नये. डॉक्टर आई-वडिलांना हा मोह अधिक होतो, कारण विषय त्यांना येत असतो. त्याऐवजी जेवणाच्या वेळी एवढेच विचारावे : ‘तुझा प्रश्न काय आहे, आणि आज तुला त्याविषयी काय नवे कळले?’ रोज बोलून दाखवलेला विचार कागदावर सहज उतरतो. मूल आठवडाभर झोपत नसेल, जेवत नसेल, मित्रांना टाळत असेल किंवा निराशेचे बोलत असेल, तर मात्र लेखन बाजूला ठेवून आधी त्याच्याकडे पाहावे आणि विनासंकोच मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कोणतीही मुदत वाढवून घेता येते.

मार्गदर्शकांना विनंती एवढीच, की विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा तरी ठरलेल्या दिवशी अर्धा तास द्यावा आणि मास्टर चार्टमधील दोन-चार नोंदी मूळ केसपेपरशी ताडून पाहाव्यात. या दोन गोष्टींनी जेवढा प्रामाणिकपणा टिकतो, तेवढा कोणत्याही सॉफ्टवेअरने टिकत नाही.

आपल्या मंडळात निरनिराळ्या शाखांचे अनुभवी शिक्षक आणि परीक्षक आहेत. सत्राच्या आरंभी एखादी संध्याकाळ त्यांनी नव्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवली, दोन-तीन जुने प्रबंध समोर ठेवून ते कसे घडले हे सांगितले, तर सत्काराच्या पुष्पगुच्छाहून ती भेट अधिक काळ टिकेल. मंडळाच्या कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा.

विद्यार्थिमित्रांनो, लेखनकार्य ही शिक्षणावर लादलेली शिक्षा नव्हे. एखादा प्रश्न धीराने समजून घेणे, पुरावा गोळा करणे, त्याचे वजन करणे आणि जे आढळले तेच सांगणे, हीच सवय उद्या तुम्हांला रुग्णाच्या खाटेशेजारी, न्यायालयात, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात उपयोगी पडणार आहे. आजच प्रश्न एका वाक्यात लिहून काढा आणि दिनदर्शिकेत शेवटच्या तारखेपासून मागे मोजायला लागा. तुमच्या लेखणीला यश लाभो, ही सदिच्छा.